कागद पुरला नाही

आमच्या कळंबला येणारी माणसं बहुतेक चिंतामणीसाठी येतात. यवतमाळहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या आत गाव येतं. इथलं गणपतीचं देऊळ रस्त्याच्या पातळीपेक्षा बरंच खाली आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं. वैशाखाच्या उन्हातून खाली उतरलं की क्षणभर काहीच दिसत नाही. मग हळूहळू एकेक वस्तू दिसू लागते. मी मुसलमानाच्या घरातला, पण गावातली सगळीच पोरं त्या पायऱ्यांवर खेळली, तसा मीही खेळलो. काळोखात घाई करायची नसते, डोळ्यांना वेळ द्यायचा असतो, हे मी तिथं शिकलो. पुढं विशीत असताना घरातच फोटोची डार्करूम थाटली, तेव्हा ते शिक्षण कामाला आलं.

त्या डार्करूममधल्या एका वस्तूबद्दल आज मला बोलायचं आहे. इंग्रजीत तिला ‘ईझल’ म्हणतात. आमच्याकडचे फोटोवाले नुसतं ‘बोर्ड’ म्हणत. आमच्या घरात तिचं नाव पडलं ‘पाट’, कारण ती दिसायची जेवायला बसायच्या पाटासारखीच.

मोबाईलवर फोटो काढणाऱ्या मुलांना हे थोडं समजावून सांगावं लागेल. पूर्वी कॅमेऱ्यात फिल्म असे. ती धुतली की निगेटिव्ह मिळे. निगेटिव्हमध्ये पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं झालेलं असतं. ही निगेटिव्ह एन्लार्जर नावाच्या यंत्रात घालायची. वर दिवा, त्याखाली निगेटिव्ह, त्याखाली भिंग. दिवा लावला की चित्र मोठं होऊन खाली टेबलावर पडतं. तिथं फोटोचा कागद ठेवायचा, मोजून काही सेकंद प्रकाश द्यायचा आणि मग तो कागद औषधात बुडवायचा. हा कागद टेबलावर अगदी सपाट राहावा, जागचा हलू नये म्हणून तो ज्या फळीवर ठेवतात, ती म्हणजे ईझल. फळीवर धातूच्या पट्ट्या असतात. त्या कागदाच्या कडा दाबून धरतात. पट्टीखाली प्रकाश जात नाही, म्हणून तेवढा कागद पांढरा राहतो. तुमच्या आजोबांच्या जुन्या फोटोला जी पांढरी किनार आहे, ती या पट्ट्यांची सावली आहे.

आता गंमत पाहा. कॅमेऱ्यानं काय टिपलं ते निगेटिव्हवर असतं. पण फोटोत शेवटी कोण राहणार, हे ही पट्टी ठरवते. पट्टी अर्धा इंच आत सरकली, की कडेचा माणूस गेला. तो निगेटिव्हवर आहे, प्रकाश त्याच्यातूनही आला आहे, पण तो पडला आहे पट्टीवर, कागदावर नाही.

या कामातले शब्दही पाहण्यासारखे आहेत. लॅटिनमध्ये ‘कॅमेरा’ म्हणजे खोली. त्याच शब्दाचं पोर्तुगीज रूप आपल्याकडं आलं आणि त्याचा ‘कमरा’ झाला. म्हणजे कॅमेरा आणि कमरा ही सख्खी भावंडं. हे नातं समजून घ्यायचं तर हजार वर्षं मागं, बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैथमकडं जावं लागतं. अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोग त्यानं बारकाईनं केले आणि ‘किताब अल-मनाझिर’ या ग्रंथात प्रकाश आणि दृष्टी यांचं शास्त्र मांडलं. ‘ईझल’ हा शब्द मात्र डच. त्या भाषेत त्याचा अर्थ गाढव. चित्रकाराचं ओझं मुकाट्यानं पाठीवर घेऊन उभं राहतं म्हणून गाढव. आपल्याकडंही असंच आहे. तंबोऱ्याच्या तारा ज्या तुकड्यावर टेकतात, तिला आपण घोडी म्हणतो. जे ओझं उचलतं त्याला जनावराचं नाव द्यायचं, ही पद्धत जगभर सारखीच दिसते.

फोटोग्राफीच्या पहिल्या काळात या गाढवाची गरज नव्हती. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली. १८५१ नंतर काचेवर ओला लेप देऊन निगेटिव्ह करायची रीत आली आणि ती सगळीकडं पसरली. आपली मुंबई यात मागं नव्हती. १८५४ साली तिथं फोटोग्राफिक सोसायटी निघाली. त्याच सुमाराला एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत फोटोचा व्यवसायच थाटला. चिंतामण हे नाव वाचलं की आम्हा कळंबकरांचे कान टवकारतात, एवढंच.

त्या काळात काच जेवढी, तेवढाच फोटो. काचेवर कागद दाबून ठेवायचा आणि ती चौकट उन्हात मांडायची. ऊनच छपाईचं काम करी. काचेवर जो आला तो कागदावर आला. कुणाला काढून टाकायचं तर कात्री लावावी लागे, नाहीतर काळा कागद चिकटवून त्याला झाकावं लागे. म्हणजे वगळायला मुद्दाम कष्ट घ्यावे लागत. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

घरातल्या डार्करूमची आपल्या महाराष्ट्रातली सगळ्यांत मोठी गोष्ट दादरची आहे. दादासाहेब फाळके हे मुळात फोटोग्राफर. बडोद्याच्या कलाभवनात ते ही विद्या शिकले, गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ काढला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छपाईचा धंदा केला. १९१२ साली ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले. त्या वेळी कच्ची फिल्म भोकांशिवाय येई. कडेची भोकं आपणच पाडायची, आणि तीही अंधारात. उजेड लागला की फिल्म गेली. हे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. फिल्म धुण्याचं, औषधं कालवण्याचं कामही त्या शिकल्या. दिवसा घरातला आणि कंपनीतल्या माणसांचा स्वयंपाक, रात्री डार्करूम.

मी एकदा सहज हिशेब करून पाहिला. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रं बसतात. प्रत्येक चित्राला दोन्ही बाजूंनी चार-चार भोकं. म्हणजे फुटाला एकशे अठ्ठावीस. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट सांगतात. गुणाकार केला तर पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं होतात. ही फक्त पडद्यावर दिसलेल्या फिल्मची. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लोकांनी तो सिनेमा पाहिला. पडद्यावर हरिश्चंद्र दिसला, तारामती दिसली, विश्वामित्र दिसला. कडेची भोकं कुणाला दिसत नाहीत. ती यंत्राच्या दातांसाठी असतात. पण ती नसती तर चित्र एक पाऊल पुढं सरकलं नसतं.

हीच भोकांची सिनेमाची फिल्म पुढं साध्या कॅमेऱ्यात आली. ऑस्कर बार्नाक नावाच्या जर्मन कारागिरानं ती फिल्म आडवी चालवून खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. तो १९२५ साली ‘लायका’ या नावानं बाजारात आला. त्याचं एक चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचं, टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढं. आता काचेएवढा फोटो हा हिशेब संपला. एवढ्याशा तिकिटाचा फोटो कोण भिंतीवर लावणार? तो मोठा करणं भाग होतं. दिव्याच्या प्रकाशावर छापता येणारा ब्रोमाइड कागद त्याआधीच आला होता. एन्लार्जर घरोघर जाऊ लागला आणि त्याच्या पायाशी हा पाट आला.

इथं एक अडचण उभी राहिली. ती नीट समजून घ्या, कारण माझी पुढची सगळी गोष्ट तिच्यावर आहे. निगेटिव्हची लांबी-रुंदी तीनास दोन या प्रमाणात. बाजारातला मोठा कागद आठ बाय दहा इंचांचा, म्हणजे पाचास चार. दोघांचं माप जुळत नाही. कागद काठोकाठ भरायचा तर निगेटिव्हचा लांबीतला सहावा हिस्सा बाहेर राहतो. सगळं चित्र घ्यायचं तर कागदावर सव्वा इंचाहून जास्त जागा कोरी सोडावी लागते. तालुक्याच्या गावी गिऱ्हाईक कोरी जागा पाहून म्हणायचं, ‘‘काहून हो, एवढा कागद वाया घालवला? पैसे तर पुऱ्या कागदाचे घेता!’’ मग फोटोवाला कागद भरून द्यायचा. सहावा हिस्सा पट्टीखाली जायचा.

कागद महागच होता. परदेशी मालावर निर्बंध होते. १९६० साली सरकारनं उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला, १९६७ पासून तिथून माल निघू लागला. त्याचं नाव ‘इंदू’. इंदू म्हणजे चंद्र. अंधारात उघडायच्या कागदाला हे नाव ज्यानं सुचवलं, त्याला मी मनातल्या मनात कवी मानतो.

माझ्याकडं डार्करूम आली ती १९९३ साली. बी.ए. होऊन दोन वर्षं झाली होती, नोकरी नव्हती, कविता होत्या. यवतमाळला रंगीत फोटोंच्या मशीन आल्या होत्या आणि काळ्या-पांढऱ्याचं काम बसलं होतं. आमच्या भागातले एक जुने फोटोग्राफर सामान मोडीत काढत होते. आम्ही त्यांना फोटोवाले काका म्हणत असू. त्यांनी एन्लार्जर, तीन ट्रे आणि लाल दिवा मला साडेनऊशे रुपयांत दिला, तेही हप्त्यानं. वर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरलेल्या जुन्या निगेटिव्ह दिल्या. ‘‘घेऊन जा बापू,’’ म्हणाले, ‘‘नाहीतर चांदीवाल्याला द्याव्या लागतील.’’ फिल्ममध्ये चांदी असते, ती काढणारे लोक तेव्हा फिरत असत. बोर्ड मात्र दिला नाही. तो मोडला होता.

तेव्हा बोर्ड घ्यायचा कोणता, याचा मी अभ्यासच केला. बाजारात चार प्रकार होते. पहिला एकाच मापाचा: पत्र्याची खाच, कागद आत सरकवायचा, झालं. स्वस्त, चुकायला वाव नाही, पण माप बदलत नाही. दुसरा दोन पट्ट्यांचा. यात वरची आणि डावीकडची कड ठरलेली असते, उरलेल्या दोन पट्ट्या सरकतात. स्टुडिओत बहुधा हाच असे. तिसरा चार पट्ट्यांचा. चारही बाजू हव्या तशा सरकतात, चित्र कागदाच्या मधोमध बसवता येतं, किनार हवी तेवढी ठेवता येते. हा सगळ्यांत चांगला आणि सगळ्यांत महाग. चौथा बिनकिनारीचा, ज्यात कागद नुसता कडेनं अडकवतात. मला चार पट्ट्यांचा हवा होता. मुंबईहून आणायचा तर एन्लार्जरपेक्षा तोच महाग पडत होता.

माझे अब्बा सुतार होते. गावातल्या किती दारं-खिडक्या त्यांच्या हातच्या आहेत, मोजता येणार नाही. कुराण ठेवायची रेहल ते एकाच फळीतून काढत. खिळा नाही, बिजागरी नाही, फळी चिरत चिरत तिची दोन पानं एकमेकांत अडकवलेली. मी त्यांना बोर्डाचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, ‘‘कागज हिलना नहीं, बस इतनाच ना?’’ मी म्हटलं, एवढंच.

आठ दिवसांत त्यांनी पाट केला. आमच्या यवतमाळच्या जंगलातलं जुनं सागवान, एका पडक्या वाड्याच्या तुळईचं. नवं लाकूड पावसाळ्यात वाकतं, जुनं वाकत नाही, म्हणून. पट्ट्यांना पत्रा लवतो म्हणून त्यांनी जुन्या करवतीचं पातं कापून चार पट्ट्या केल्या. दात घासून काढले, आतली कड कानशीनं तिरपी केली. कड जाड राहिली असती तर किनारीची रेघ धुरकट आली असती. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खाली नमद्याचे तुकडे लावले, म्हणजे पाट टेबलावर घसरू नये. कागद कुठं टेकवायचा ते अंधारात बोटाला कळावं म्हणून कोपऱ्यात पितळेचे दोन खिळे मारले.

पण पाट झाला म्हणजे काम झालं नाही. तो लावून घेणं ही वेगळी विद्या आहे. पहिल्या फोटोत मधला भाग स्वच्छ आणि उजवा कोपरा पुसट आला. मी भिंगाला दोष दिला. अब्बांनी पाटावर पाणसळ ठेवली, एन्लार्जरच्या मानेवर ठेवली, आणि टेबलाच्या एका पायाखाली फाचर मारली. निगेटिव्ह, भिंग आणि कागद हे तिन्ही एकमेकांना समांतर पाहिजेत. एक जरी कलला तर एक कोपरा जातो. मग पट्ट्या काटकोनात आहेत का ते पाहायचं. अब्बांनी गुण्या लावला आणि मग दोरीनं दोन्ही कर्ण मोजले. कर्ण सारखे तर चौकट खरी. चारी बाजू सारख्या असूनही चौकट तिरकी असू शकते, हे मला बी.ए. होऊन माहीत नव्हतं.

आणखी दोन चुका मी केल्या. पाटाला पांढरा रंग दिला, चित्र स्पष्ट दिसावं म्हणून. पातळ कागदातून प्रकाश आरपार जाऊन पांढऱ्या फळीवरून परत येतो आणि कागदाला पाठीमागून लागतो. फोटोतलं पांढरं मळकट येऊ लागलं. मग तो रंग खरवडून काळा दिला. काळ्यावर चित्र दिसत नाही, म्हणून फोकस करताना एक वाया गेलेला फोटो पालथा घालून ठेवायचा. तो त्याच कागदाचा असावा, म्हणजे जाडीचा फरक पडत नाही.

स्वयंपाकघरालगतची सामानाची खोली म्हणजे माझी डार्करूम. औषध वीस अंशांच्या आसपास असावं असं पुस्तकात लिहिलेलं. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो. मी रात्री बारानंतर काम करी, ट्रे माठाच्या पाण्याच्या परातीत ठेवी. विजेचा दाब वरखाली झाला की फोटो फिका-गडद होई. अम्मी दारावर गोधडी टाकून बाहेर बसायची, कुणी उघडू नये म्हणून. फाळक्यांच्या घरची गोष्ट मी पुढं वाचली, तेव्हा मला ती गोधडी आठवली.

आता तो डबा. काकांच्या निगेटिव्ह मी रोज रात्री चार-पाच पाहत होतो. कुणाची लग्नं, कुणाची बारशी. एका रात्री एक पट्टी घातली आणि ओळखीचा देखावा दिसला. जानेवारी १९८४. जवळच्या एका शाळेच्या नव्या खोल्यांचं उद्‌घाटन. हा फोटो मी कितीदा पाहिला होता. शाळेच्या कार्यालयात तो चौकट करून लावलेला होता. पुढं खुर्च्यांवर पाहुणे, मागं उभे दहा जण. त्या खोल्यांची दारं आणि बाकं अब्बांनी केली होती. लहानपणी मी त्यांना विचारलंही होतं, तुम्ही का नाही फोटोत? ते म्हणाले होते, ‘‘था ना मैं. शायद हिल गया.’’

मी पाट आठ बाय दहाला लावला होता. दिवा लावला. कागदाच्या जागी दहा जण आले. आणि उजवीकडच्या पट्टीवर, अब्बांच्याच करवतीच्या पात्यावर, आणखी दोन माणसं पडली होती. लोखंडावर ती नीट दिसेनात. मी पट्टी सरकवली. अंगातला पांढरा सदरा निगेटिव्हमध्ये काळा, टोपी काळी, चेहरा पांढुरका. उभं राहण्याची ढब अब्बांची. त्यांच्या पलीकडं शाळेत पाणी भरणारी बाई, डोक्यावरचा पदर एका हातानं धरलेला.

मागच्या रांगेत बारा जण होते. छत्तीस मिलिमीटरमध्ये बारा जण, म्हणजे एका माणसाला तीन मिलिमीटर. सहावा हिस्सा म्हणजे सहा मिलिमीटर. म्हणजे बरोबर दोन माणसं. कुणी हललं नव्हतं. कागद पुरला नव्हता.

मी दुसऱ्या दिवशी काकांकडं गेलो. रागावूनच गेलो होतो. त्यांनी निगेटिव्ह उजेडाला धरून पाहिली, बराच वेळ पाहिली. म्हणाले, ‘‘डावीकडं समितीची माणसं होती बापू. तिकडून कापता येत नव्हतं.’’ नंतर थोड्या वेळानं म्हणाले, ‘‘मला तर आठवतही नाही.’’ ते खरंच बोलत होते. हे रोजचंच काम. त्यात आठवायचं काय?

मी मुसलमान आणि कविता लिहितो मराठीत. त्यामुळं तू आतला की बाहेरचा, हा प्रश्न मला वेगवेगळ्या सुरात खूपदा विचारला गेला आहे. म्हणून ही गोष्ट सांगताना मी काळजी घेतो. अब्बा मुसलमान म्हणून कापले गेले नाहीत. त्यांच्या शेजारची बाई हिंदूच होती. ते दोघं कडेला उभे होते म्हणून कापले गेले. कडेला कोण उभं राहणार, हे मात्र फोटोवाल्या काकांनी ठरवलेलं नव्हतं. ते फोटो काढण्याआधीच ठरलेलं असतं. सुतार स्वतःच कडेला जाऊन उभा राहतो, पाणी भरणारी त्याच्याही पलीकडं. पट्टी फक्त तेवढंच करते, जे आधी झालेलं असतं. काचेच्या काळात वगळायला कात्री हातात घ्यावी लागे. पाटाच्या काळात काहीच करावं लागत नाही. कागद भरला की झालं.

मी तो फोटो पूर्ण छापला. चारी पट्ट्या सरकवून, लांबी दहा इंच, रुंदी साडेसहाच्या थोडी वर, वर-खाली कोरा कागद. सकाळी वाळल्यावर अब्बांच्या हातात दिला. मला वाटलं काहीतरी बोलतील. त्यांनी चष्मा लावला. फोटोकडं पाहिलं. मग खिशातून पट्टी काढली आणि फोटोचे दोन्ही कर्ण मोजले. ‘‘बराबर है,’’ म्हणाले. त्यांचं म्हणणं फोटोबद्दल होतं की पाटाबद्दल, मी विचारलं नाही. तो फोटो त्यांनी कपाटाच्या आतल्या बाजूला लावला, ते २००९ साली गेले तोपर्यंत तो तिथंच होता.

दुसरी प्रत घेऊन मी त्या बाईंच्या घरी गेलो. त्या वारल्या होत्या. सुनेनं फोटो घेतला, आत नेला, घरातल्या सगळ्यांनी पाहिला. मग मुलगा बाहेर आला आणि म्हणाला, ‘‘भाऊ, मायचा एकही फोटो नाही आमच्याजवळ. एकटीचा मोठा करून देता येते काय?’’

तीन मिलिमीटरचा माणूस तीन इंच करायचा, म्हणजे पंचवीस पट. टेबलावर तेवढी उंची मिळत नाही. मी एन्लार्जरचं डोकं टेबलाच्या काठाबाहेर फिरवलं, तोल जाऊ नये म्हणून मागं जात्याची तळी ठेवली आणि पाट खाली जमिनीवर मांडला. अब्बा वाकून पाणसळ लावत होते. पाट टेबलाला समांतर करता करता अर्धी रात्र गेली. प्रकाश इतका मंद झाला की बारा सेकंदांचं काम दीड मिनिटावर गेलं. दीड मिनिट आम्ही दोघं श्वास धरून उभे होतो. जमीन हलली तरी चित्र गेलं. औषधात कागद टाकल्यावर आधी पदर आला, मग हात, मग चेहरा. जवळून पाहिलं तर नुसते ठिपके. चार हात लांब धरलं की ती बाई दिसे. मी मुलाला तसंच सांगितलं, थोडा उंच लावा. त्यांनी तो देव्हाऱ्याच्या वर लावला आणि हार घातला.

माझी डार्करूम पुढं पाच-सहा वर्षं चालली. कागद मिळेनासा झाला. २००५ साली कोडॅकनं काळ्या-पांढऱ्या फोटोचा कागद बनवणं थांबवलं. उटीचा कारखानाही पुढं बंद पडला. एन्लार्जर मी विकला. पाट ठेवला. आता त्यावर वहीचा कागद ठेवून लिहितो. पट्ट्या काढलेल्या नाहीत. कागद हलत नाही.

आता बोटाच्या एका हालचालीनं फोटो कापता येतो आणि परतही आणता येतो. त्यामुळं पट्टीचं काही वाटेनासं झालं आहे. पण तुमच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, लग्नाच्या अल्बमच्या मागच्या खिशात जुन्या निगेटिव्ह नक्की असतील. दिवाळीची साफसफाई करताना त्या फेकू नका. एकेक पट्टी खिडकीच्या उजेडाला धरा, शेजारी भिंतीवरचा फोटो धरा, आणि दोन्हींच्या कडा ताडून पाहा. मधली माणसं तुम्हाला माहीतच आहेत. कडेला कुणी उभं आहे का, तेवढं बघा.